अकरा नंबरची पाचवी

मी फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. डोंबिवलीत आमच्या बिल्डिंगला दोन दिवस पाणी आलं नाही की सेक्रेटरीच्या दारात सगळ्यात आधी मी उभी असते. अशा बाईला उभ्या आयुष्यात एकाच माणसापुढं मान खाली घालावी लागली, आणि ते माणूस म्हणजे आमच्या लॅबमधली काचेची भांडी धुणारी मनुबाई.

मनुबाई धाकू कोळी, राहणार चेंदणी कोळीवाडा, ठाणे. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, सहीच्या जागी अंगठा. अंगानं सडपातळ, आवाज मात्र असा की खोपटच्या एसटी डेपोतला कंडक्टर वळून बघेल. डेपोच्या मागच्या गल्लीत डॉक्टर उत्तम कर्णिकांचं प्रसूतिगृह होतं. तिथं ती शहाऐंशी साली आया म्हणून लागली. त्याआधी मासळी विकायची. नवऱ्याची होडी होती, पण खाडीत कारखान्यांचं पाणी यायला लागलं आणि जाळ्यात काही येईना. "निवट्या गेल्या, कोलंबी गेली, फेस तेवढा र्‍हायला. फेस काय पाटीत घालून विकू?" असं म्हणायची आणि स्वतःच खो खो हसायची.

पुढं डॉक्टरांनी टेस्ट ट्यूब बेबीचं काम सुरू केलं. वरच्या मजल्यावर लॅब झाली. मी एमएस्सी होऊन त्र्याण्णवला तिथं चिकटले, तेव्हा लॅबच्या मोरीत मनुबाईचं राज्य होतं. बाटल्या, बीकर, काचेच्या पिपेटा, सगळं ती धुवायची. सात वेळा नळाच्या पाण्यानं, तीन वेळा डिस्टिल्ड पाण्यानं. पेशींच्या कामात मेख अशी असते, की काचेला साबणाचा एवढासा अंश राहिला तरी पेशी मरतात, आणि का मेल्या ते तुम्हाला आठ दिवस कळत नाही. मी पहिल्याच दिवशी तोऱ्यात विचारलं, "साबण पूर्ण निघाला हे तुम्हाला कसं कळतं, मनुबाई? मोजता का?"

तिनं एक बीकर उजेडाकडं धरला. "बघ हेमाबाय. पानी सरळ खाली गेला पायजे. थेंब धरून बसला म्हंजे काच अजून घाण हाय. मोजून काय होतंय? मोजायला मना येतंय कुठं!"

पुस्तकात हेच दीड पानभर लिहिलंय.

डॉक्टर तिची एक गोष्ट नेहमी सांगायचे. अठ्ठ्याऐंशी साली कोणीतरी एक दिवसाचं मूल दवाखान्याच्या पायरीवर ठेवून गेलं होतं. पोलिस झाले, कागदपत्र झाले, ते बाळ संस्थेत जायचं ठरलं. पण पाचवा दिवस उजाडला तेव्हा ते अजून इथंच होतं. मनुबाईनं मोरीशेजारी पाट मांडला, हळद-कुंकू वाहिलं, कोरा कागद ठेवला आणि डॉक्टरांच्या टेबलावरचं शाईचं पेन न विचारता उचललं. पाचवीला सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते, तिला कागद-लेखणी नको का? डॉक्टर ओरडले, "अहो, माझं पेन! बॉलपेन घ्यायचं!" तर म्हणाली, "नशीब लिवायला येतेय ती. तिला काय रिफिल संपलेला बालपेन देऊ?" त्या दिवसापासून दवाखान्यात जन्मलेल्या ज्या ज्या पोराचं करायला कोणी नसे, त्याची पाचवी मनुबाईच करायची. डॉक्टरांचं पेन दर थोड्या दिवसांनी गायब व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी कुंकू लागून परत यायचं.

अठ्ठ्याण्णवच्या शेवटी परदेशातून बातमी आली, की माणसाच्या गर्भापासून मूळ पेशी वेगळ्या काढून त्या लॅबमध्ये वाढवता आल्या. डॉक्टरांनी ते जर्नल माझ्यापुढं आपटलं. "हेमा, आपण करून बघायचं."

काम ऐकायला सोपं होतं. गर्भ पाचव्या दिवशी टाचणीच्या टोकाहूनही लहान असतो. त्याच्या आत पेशींचा एक पुंजका असतो. हाड, रक्त, मेंदू, पुढं जे काही व्हायचं ते त्याच्यातून. तो पुंजका अलगद काढायचा, बशीत उंदराच्या पेशींचा थर अंथरलेला असतो त्यावर ठेवायचा, आणि रोज ताजं पोषणद्रव घालायचं. वाढला पाहिजे, पण हाड किंवा रक्त व्हायला लागता कामा नये, जसा आहे तसाच राहिला पाहिजे. काही जोडप्यांचे उपचार पूर्ण झाले होते, घरी मुलं रांगत होती, आणि त्यांचे उरलेले गर्भ आमच्याकडं गोठवून ठेवलेले होते. ज्यांनी समजून-उमजून लिहून दिलं, त्यांचेच आम्ही घेतले.

एक ते दहा नंबर मेले. कोणी चिकटलेच नाहीत, कोणी चिकटून आठवड्यात विरले. वर्ष सरत आलं. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, की या दसरा-दिवाळीपर्यंत एक तरी जगला तर पुढं, नाहीतर हे काम बंद आणि मी परत रक्त-लघवी तपासायला. माझा जीव टांगणीला लागला होता. मला ते काम हवं होतं. त्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या आणि आपल्याच हातांनी त्या जगल्यात असं म्हणायचं, एवढंच मला त्या वर्षी हवं होतं.

मनुबाईला मी सगळं समजावलं होतं. उंदराच्या पेशींच्या थराला ती 'दाई' म्हणायची आणि पोषणद्रव बदलण्याला 'पाजणं'. एकदा विचारलं, "ह्याचा बाल होनार नाय?"

"नाही. पण यातून पुढं कोणाच्या जळालेल्या कातडीला, कोणाच्या आजारी हृदयाला उपयोग होईल. कधीतरी."

"म्हंजे घर नाय त्याला."

"नाही."

ती हूं म्हणाली आणि बाटल्या घासायला लागली. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

नव्व्याण्णवच्या नवरात्रात अकरा नंबर पाचव्या दिवसाला पोचला. दुपारी मी पुंजका काढून बशीत ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबमध्ये आले आणि माझं डोकंच फिरलं. इनक्युबेटरवर, म्हणजे ज्या कपाटात बशा ऊबेला ठेवतात त्या कपाटाच्या डोक्यावर, कोरा कागद. कागदावर चिमूटभर हळद-कुंकू, पाच तांदूळ, वरवंटा म्हणून चिनीमातीचा बत्ता. आणि डॉक्टरांचं पेन.

"मनुबाई!"

ती हात पुसत आली. "दिवा नाय लावला हां. गॅसची नली हाय म्हनून. तेवढा कलतंय मना."

"उपकार केलेत! अहो, इथं धुळीचा कण चालत नाही, आणि तुम्ही तांदूळ टाकता? दहा मेले, दहा! अकरावाही मारायचाय का?"

"मारायला कोन करतंय पाचवी?" ती हळू आवाजात म्हणाली. मी कागद चुरगाळून केराच्या डब्यात टाकला. तिनं कपाट स्पिरिटनं तीनदा पुसून काढलं आणि पेन खाली देऊन आली. मला अजून तो कागद चुरगाळल्याचा आवाज आठवतो. लाज वाटते.

आणि अकरा नंबर चिकटला! तिसऱ्या दिवशी कडा पसरल्या, चौथ्या दिवशी मधोमध गच्च, गोल, चमकदार पेशींची वसाहत दिसायला लागली. मी डॉक्टरांना हाताला धरून सूक्ष्मदर्शकापाशी ओढून आणलं. मनुबाईलाही डोळा लावायला दिला. तिनं बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "गुटगुटीत हाय."

पेशींना सुट्टी कळत नाही. दसऱ्याला घरचं जेवण आटोपून मी डोंबिवलीहून ठाण्याला आले, ती नव्या साडीतच. खाली सगळा स्टाफ सोनं वाटत होता. जो तो आपट्याची पानं हातात कोंबतोय, सोन्यासारखे राहा म्हणतोय. मी घाईघाईत जिन्यातच ॲप्रन चढवलेला, अकरा नंबरला उशीर होत होता. सगळ्यांकडून हसून सोनं घेतलं, दिलं, आणि वर पळाले. पोषणद्रव बदललं, बशा वरखाली बघितल्या, गेले घरी. साधा दिवस होता.

त्याच आठवड्यात शुक्रवारी सकाळी इनक्युबेटरच्या वरच्या फळीवरच्या चार बशांत बुरशीचे पांढरे धागे दिसले. दाईच्या बशा होत्या. अकरा नंबर खालच्या फळीवर झाकणाच्या बरणीत होता, म्हणून अजून स्वच्छ होता. अजून! बुरशी एकदा कपाटात शिरली की आज ना उद्या सगळीकडं जाते. डॉक्टर आले, चार बशा बघितल्या आणि एवढंच विचारलं, "कुठून आली?"

मी क्षणभरही थांबले नाही. "हळद-कुंकू, सर. मनुबाईंनी इनक्युबेटरवर पूजा केली होती. तांदूळसुद्धा ठेवले होते." आणि लॅबच्या वहीत तसं लिहिलंसुद्धा, तारीख घालून, ठसठशीत अक्षरात.

डॉक्टरांनी मनुबाईला बोलावलं. "पूजा केली होतीत तुम्ही?"

"केलती."

"मला वाटलं होतं तुम्हाला तरी कळतं." डॉक्टर तापट नव्हते, म्हणून ते जास्त लागलं. "उद्यापासून येऊ नका."

मनुबाईनं एकदा माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता भांडेल. तिचं तोंड मला ठाऊक होतं, डेपोच्या मॅनेजरला तिनं रडवलेलं मी पाहिलंय. पण ती बोलली नाही. पदर खोचला, चपला घातल्या, आणि दारात थांबून मला म्हणाली, "पिपेटा भिजत घातल्यात. अकरा नंबरला पाजायला ईसरू नको." आणि तेरा वर्षांची नोकरी सोडून जिना उतरून गेली.

मी अडगळीतला जुना इनक्युबेटर काढला, दोन दिवस धूर-फवारणी करून धुतला आणि अकरा नंबरला तिथं हलवलं. बुरशी त्याच्यापर्यंत पोचली नाही. सुटले, असं वाटलं. पण मोरीत नवीन बाई आली होती, तिच्या बाटल्यांवर थेंब धरायचे. मी ओरडायचे, ती पुन्हा धुवायची, पुन्हा थेंब. मग मीच बाह्या सरसावून धुवायला बसले, तरी थेंब! दहाव्या दिवशी दाईच्या पेशी आकसायला लागल्या. अकरा नंबरच्या कडा विरघळल्यासारख्या दिसल्या. पहिले दहा असेच गेले होते.

दिवाळीला चार दिवस होते. मी चेंदणीला गेले. खरं सांगते, माफी मागायला नाही गेले. मला काच धुवून हवी होती, म्हणून गेले.

मनुबाई अंगणात सुकट निवडत बसली होती. मला बघून सुपाआडून म्हणाली, "आलीस? पोर कशी हाय?"

"बरी नाही. दाई आकसतेय."

"थेंब धरतंय?"

"हो."

तिनं सूप बाजूला ठेवलं. सुनेला हाक मारली, "तुळसा, च्या ठेव गो, माजी हेमाबाय आलीय." मी माजी हेमाबाय! तरी मी ताठ बसून म्हणाले, "मनुबाई, झालं गेलं विसरा. तुम्ही पूजा करायला नको होती, पण मी डॉक्टरांना सांगते, की पुन्हा करणार नाही म्हणून. तुम्ही चला."

ती उठून घरात गेली. देवाजवळचा स्टीलचा लहान डबा घेऊन आली आणि माझ्या हातात दिला. "हा घेऊन जा आधी. तुजा सोना."

डब्यात आपट्याची पाच-सहा पानं होती. वाळलेली, कडेला पांढुरकी बुरशी धरलेली.

"कुठं मिळालं हे?"

"तुज्या ॲप्रनच्या खिशात. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी धुवायला काढला तवा. सोना कोन फेकतंय? म्हनून ठेवला."

साडीला खिसा कुठला? जिन्यात लोकांनी दिलेलं सोनं मी ॲप्रनच्या खिशात कोंबलं होतं. ॲप्रन घालूनच बाहेर उभी होते, जे कधीच करायचं नसतं. रस्त्यावरच्या गाड्यांवर दोन दिवस पडून असलेला, धुळीनं माखलेला पाला घेऊन मी बशांवर वाकले होते. वरच्या फळीवर. हळद-कुंकू तर तिनं पाच दिवस आधीच स्पिरिटनं तीनदा पुसलेलं.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं. "त्या दिवशी, डॉक्टरांसमोर, तुम्हाला माहीत होतं?"

"पानावरची बुरशी मना कलतंय गो. बोंबील सुकवतंय मी, बुरशी काय मना नवीन हाय?"

"मग बोलला का नाहीत? मी तुमचं नाव घेतलं, आणि तुम्ही नुसत्या उभ्या!"

"काय बोलू? डाक्टर तुला घालवला असता. मंग अकरा नंबरला पाजनार कोन? मना येतंय काय? त्या नवीन बाईला येतंय?" ती माझ्यावरच ओरडली. "पाचवी केलेली पोर ती. मी गेली तर काच घाण र्‍हाईल. तू गेलीस तर पोर जाईल. एवढा हिशेब मना येतंय!"

तुळसानं चहा आणून ठेवला. मी त्या अंगणात, सुकटीच्या वासात, तोंडाला पदर लावून रडले. मनुबाई म्हणाली, "आता रडतेस काय? च्या घे, निवल." आणि तिनं परत सूप उचललं.

दुपारी मी डबा डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. जिना, साडी, खिसा, सगळं. नोकरी जाणार हे धरूनच चालले होते. डॉक्टरांनी एक पान उचलून उलटसुलट बघितलं.

"हे तू सांगितलं नसतंस तर मला कधीच कळलं नसतं," ते म्हणाले.

"वहीत खोटं लिहिलंय मी, सर."

डॉक्टर उठले. मला वाटलं, आता दार दाखवतात. त्यांनी खुंटीवरची गाडीची किल्ली घेतली. "तुझं काय करायचं ते नंतर बघू. आधी चेंदणीला चल. त्यांना मी घालवलंय, आणायला मीच गेलं पाहिजे."

आमचा डॉक्टर कोळीवाड्यातल्या त्या अंगणात हात जोडून उभा राहिलेला मी पाहिलाय. मनुबाईनं त्यांना दोन मिनिटं उभंच ठेवलं, अगदी मुद्दाम. मग म्हणाली, "पेनाला शाई भरलीय ना?" आणि पायात चपला सरकवल्या.

संध्याकाळपर्यंत तिनं लॅबमधली एकूण एक काच पुन्हा धुतली. मी नवी दाई अंथरली. अकरा नंबर तीन दिवस होता तसाच राहिला, ना पुढं ना मागं. मनुबाई दर तासाला मोरीतून ओरडायची, "काय म्हनतेय?" लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मी डोळा लावला तर कडा पुन्हा गच्च झाल्या होत्या. आठवड्यानं ती वसाहत एवढी भरली, की तिचे बारीक तुकडे करून पहिल्यांदाच दोन बशांत लावता आले. पुढं त्या दोनाच्या पाच झाल्या, काही आम्ही गोठवून ठेवल्या. जगात आमचं काही नाव झालं नाही. पण डॉक्टरांनी काम बंद केलं नाही, आणि मलाही ठेवलं.

त्या दोन बशा लावल्या त्याच दिवशी डॉक्टरांनी लॅबची वही माझ्यापुढं ठेवली आणि खिशातलं शाईचं पेन काढून दिलं. "नीट कर." मी शुक्रवारचं पान काढलं. एक सरळ रेघ मारून जुनं वाक्य खोडलं आणि खाली नवीन लिहिलं. मनुबाई हात धुवून मागं येऊन उभी राहिली.

"काय लिवलंस?"

मी वाचून दाखवलं. "बुरशी हेमाच्या ॲप्रनच्या खिशातल्या आपट्याच्या पानांतून आली. मनुबाईंचा दोष नाही."

"आनि वरचा खोडलास?"

"हो."

"सटवाईनं लिवलेला खोडता येत नाय."

"तिचं नाही येत, मनुबाई. माझं येतं."

ती वहीवर वाकली. "माजा नाव कुठं हाय त्याच्यात?"

मी दाखवलं. तिनं स्वतःचं बोट त्या अक्षरांवर ठेवलं आणि हळूहळू सरकवलं. हात नुकताच धुतलेला, बोट ओलं. शाई ताजी होती, निळा डाग पसरला. ती दचकली. "अगो बाय! पुसला काय गो?"

मी वही उजेडाकडं धरली.

"नाही, मनुबाई. वाचता येतंय."